तुमच्या कुठल्या नावावर?

दुकानातली मुलगी ‘सॉरी मॅडम’ म्हणाली तेव्हा मी तिच्याकडे पाहिलंच नाही. मी पाहिलं आमच्या सुनेकडे. ती पलीकडच्या रांगेत वॉशिंग मशिनची झाकणं उघडून आत डोकावत होती, आणि माझ्या मनात पहिला विचार आला तो हा, की हिला हे आधीच ठाऊक होतं.

संशय हा माझा स्वभाव आहे आणि मला त्याची कधी लाज वाटली नाही. मुलुंडच्या एका शाळेच्या ऑफिसात मी चौतीस वर्षं क्लार्क आहे. खिडकीपुढे येणारा प्रत्येक माणूस काहीतरी लपवतोय असं धरूनच मी काम करत आले. कुणी मुलाची जन्मतारीख वर्षभर मागे ओढलेली असते, कुणी पत्ता मामाचा दिलेला असतो. रजिस्टरमध्ये एक वेलांटी चुकली तर पोराला पुढे पासपोर्टपर्यंत भोगावं लागतं, म्हणून नाव अक्षराला अक्षर जुळलंच पाहिजे, हा माझा नियम. हेडमास्तर चार बदलले, नियम बदलला नाही. पालक पाठीमागे मला ‘वेलांटीबाई’ म्हणत, तेही मला माहीत होतं.

त्या दुकानात मिळणाऱ्या हप्त्यांच्या कार्डाची हौस माझीच. आमच्या नाहूरच्या घरात जे काही आलं ते आधी सासऱ्यांच्या, मग नवऱ्याच्या, मग मुलाच्या नावावर आलं. आता सून कार्ड काढते, मशिनला टेकवते आणि वस्तू घरी येते. मला वाटलं, निवृत्तीला वर्ष उरलंय, पगाराची चिठ्ठी हातात आहे तोवर एक वस्तू आपणही आपल्या सहीने घ्यावी. दुकानातल्या मुलीने नमुन्याचं कार्ड दाखवलं होतं. त्यावर नावाच्या जागी उठावाची अक्षरं होती. ‘इथे तुमचं नाव येणार, मॅडम,’ ती म्हणाली. मी त्या अक्षरांवरून बोट फिरवून बघितलं, आणि मला ते फार आवडलं.

फॉर्म मी स्वतः भरला. ती म्हणाली, ‘मी भरते ना मॅडम, तुम्ही फक्त सांगा.’ मी म्हटलं, पेन दे. जन्मभर दुसऱ्यांचे फॉर्म तपासणारी बाई स्वतःचा फॉर्म दुसरीला भरू देईल होय? सुवाच्य अक्षरात, एकही खाडाखोड न करता भरला. तिने फॉर्मचे, पॅनचे, आधारचे आणि पगाराच्या चिठ्ठीचे फोटो काढून पुढे पाठवले. मला खुर्ची दिली, पाणी दिलं. पंधरा मिनिटांनी तिचा चेहरा पडला.

‘सिस्टीमने रिजेक्ट केलं ना मॅडम.’

‘का?’

‘रीझन आपल्याला दिसत नाही.’

‘मग कुणाला दिसतं?’

‘वरती.’

मी वर पाहिलं. वर एक ट्यूबलाइट होती.

रिक्षात सून म्हणाली, ‘जाऊ दे ना आई. माझ्या कार्डावर घेऊ या, त्यात काय एवढं.’ तिने सहज म्हटलं असेल, पण मला ते टोचलं. आणि घाईही वाटली त्यात. माझं कार्ड नाकारल्याचा विषय तिला इतक्या लवकर का मिटवायचा होता?

घरी आल्यावर नवऱ्याला सांगितलं. तो कांजूरमार्गच्या एका कंपनीतून फिटर म्हणून निवृत्त झालाय आणि त्याला जगात कशाचाच संशय येत नाही. पेपरातून डोकं वर न काढता म्हणाला, ‘अगो, नाय दिल्यानी तर नाय. रोख दी आणि घेऊन ये.’ लग्नाला बत्तीस वर्षं झाली, तो मला ‘अगो’ म्हणूनच हाक मारतो. त्याला वेगळं नाव कधी लागलंच नाही.

पण प्रश्न मशिनचा उरला नव्हता. मी कुणाचं पाच पैशाचं देणं ठेवलेलं नाही. कर्ज काढलेलं नाही, वाण्याकडे वहीसुद्धा ठेवली नाही. मग मला नाकारायचं कारण काय? कारण एकच असू शकतं. माझ्या कागदांवर दुसऱ्या कुणीतरी काहीतरी घेतलंय आणि ते फेडलेलं नाही. आमच्याच बिल्डिंगमधल्या एका बाईच्या पॅनवर तिच्या सख्ख्या भाच्याने महागाचा मोबाईल घेतला होता, आणि तिला कळलं ते वसुलीवाल्यांचे फोन सुरू झाल्यावर. आता माझ्या मनात पाल चुकचुकायला लागली, आणि चुकचुकता चुकचुकता ती गणपतीच्या आधीच्या एका संध्याकाळवर येऊन थांबली. त्या दिवशी सुनेने माझ्याकडून पॅन आणि आधारची झेरॉक्स मागून घेतली होती. कशाला विचारलं तर म्हणाली, ‘ऑफिसला लागतेय आई, एक फॉर्म आहे.’

सून तशी गुणी, हे मला सांगितलं पाहिजे. आमच्या रीतीप्रमाणे लग्नात ताटात तांदूळ पसरून त्यावर अंगठीने तिचं नवं नाव लिहिलं, तेव्हा तिने हूं की चूं केलं नाही. नुसतं घरातल्या हाकेपुरतं नाही, पुढच्या वर्षभरात तिने ते गॅझेटमध्ये छापून घेतलं, बँकेपासून ऑफिसपर्यंत सगळे कागद बदलले. मी हे सगळ्या नातेवाइकांना कौतुकाने सांगत असे. आता त्या गुणीपणाचाही मला संशय यायला लागला. एवढी गुणी मुलगी असते का कुठे?

एकदा संशय धरला की पुरावे आपण होऊन चालत येतात. सुनेच्या कपाटाच्या एका खणाला कुलूप असायचं. मी आधीही ते बघितलं असणार, पण आता ते डोळ्यांवर येऊ लागलं. तिच्या नावाने एक पाकीट आलं, ते मी ट्यूबलाइटपुढे धरून पाहिलं. आत घडी घातलेला कागद आहे, एवढंच कळलं. मग एका सकाळी मी गॅलरीत तुळशीला पाणी घालत असताना तिचा आवाज आतून ऐकू आला. ती माझ्या मुलाशी फोनवर बोलत होती. ‘आईंना सांगू नकोस हं. प्लीज. त्यांना कळलं ना तर कसं वाटेल त्यांना.’

मी तांब्या खाली ठेवला. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच, मी स्वतःशी म्हटलं.

मी क्लार्क आहे, त्यामुळे नुसतं चरफडत बसणं माझ्याच्याने होत नाही. मी दोन कामं केली. एक, ज्या कंपनीचं कार्ड त्या दुकानात देतात तिला अर्ज लिहिला. ‘महोदय, विषय: कार्ड नाकारल्याचे कारण लेखी मिळणेबाबत.’ स्पीड पोस्टाने पाठवला आणि पावती पर्समध्ये ठेवली. दुसरं, आमच्या शाळेतल्या कॉम्प्युटरच्या बाईंना गाठलं. त्यांनी सांगितलं की आपल्या नावावर कुठली कर्जं आहेत याचा अहवाल वर्षातून एकदा फुकट मिळतो. मधल्या सुट्टीत त्यांनी माझा पॅन नंबर घालून तो काढून दिला.

अहवाल कोरा होता. वरती माझं नाव, जन्मतारीख आणि खाली काही नाही. ‘बघा, तुमच्यावर एकही कर्ज नाही. कधीच नव्हतं,’ बाई कौतुकाने म्हणाल्या.

दुसरी कुणी असती तर तिने सुटकेचा निःश्वास टाकला असता. मी विचार करत बसले की कोरा कसा? माणूस चौतीस वर्षं नोकरी करतं, बँकेत खातं आहे, आणि त्याच्याबद्दल एक ओळ नाही? कुणीतरी पुसलं असेल. आज मला याचं हसू येतं, पण त्या दिवशी मला ते अगदी पटलं होतं. आणि त्या कागदावरची जी गोष्ट मला खटकायला हवी होती ती खटकली नाही. अहवालावर माझं शाळेतलं नाव होतं. मी शाळेतल्या माझ्या खुर्चीवर बसून तो वाचत होते, त्यामुळे ते मला बरोबरच वाटलं.

त्या शनिवारी सकाळी मुलगा कामावर गेला होता. नवरा बाहेरच्या खोलीत पेपर वाचत होता. सून ओट्यापाशी चहा गाळत होती. मी तिच्या मागे जाऊन उभी राहिले आणि विचारलं, ‘माझ्या नावावर तू काय घेतलंयस?’

तिने गाळणी तशीच धरून ठेवली. थेंब कपात पडत राहिले. मग ती वळली आणि अगदी हळू आवाजात म्हणाली, ‘तुमच्या कुठल्या नावावर, आई?’

माझं डोकंच फिरलं. मला तो उर्मटपणा वाटला. मी काय काय बोलले ते सगळं इथे लिहिणार नाही. झेरॉक्सचा विषय काढला, कुलपाचा काढला, फोनचा काढला. शेवटी म्हणाले, तुझ्या माहेरी चालत असेल असलं, आमच्याकडे नाही चालत. हे वाक्य तोंडातून निघालं तेव्हाच मला कळलं होतं की ते जास्तीचं झालं, पण तोवर ते बाहेर पडलं होतं.

ती आत गेली, खणाचं कुलूप उघडल्याचा आवाज आला. एक निळी फाइल आणून तिने डायनिंग टेबलवर ठेवली. ‘यात सगळं आहे. वाचून घ्या,’ म्हणाली. ‘मी दोन दिवस पार्ल्याला जाऊन येते.’ विलेपार्ल्याला तिचं माहेर. चहाचे तिन्ही कप ओट्यावर तसेच राहिले.

दार लागल्यावर नवऱ्याने पेपराची घडी केली. ‘काय गो बोललंस ह्या?’ तो म्हणाला. ‘ती परत नाय इली तर?’

संध्याकाळी मुलाचा फोन आला. त्याने आवाज चढवला नाही, त्याचीच मला जास्त भीती वाटली. ‘मम्मी, तू फाइल वाच,’ तो म्हणाला. ‘आणि वाचूनसुद्धा तुला हेच वाटत असेल, तर आम्ही कांजूरला भाड्याने जागा बघतो. मी तिला परत त्या घरात असं उभं राहायला नाही सांगणार.’

मी फाइल वाचली नाही. मला वाटलं, वाचली म्हणजे हरले. ती उचलून फ्रिजवर ठेवली आणि दोन दिवस स्वयंपाकघरात जाता-येता तिच्याकडे बघायचं टाळत राहिले. मुलगाही पार्ल्यालाच राहिला. घरात आम्ही दोघंच. नवरा जेवायचा आणि उठायचा. पोरगा हातचा जाईल या भीतीने मला रात्री झोप लागेना, पण ती भीती मी रागाखाली दाबून ठेवली होती.

मंगळवारी माझ्या अर्जाचं उत्तर आलं. चांगल्या जाड कागदावर, सही-शिक्क्यानिशी. मजकूर दोन ओळींचा. अर्जातील नाव व पॅनवरील नाव जुळत नसल्याने अर्जदाराची ओळख पटू शकली नाही, करिता अर्ज नाकारण्यात आला आहे.

नाव जुळत नाही. हे मला लिहिलं होतं. वेलांटीबाईला.

मी पर्समधून पॅन काढलं, आधार काढलं, आणि मग फ्रिजवरची फाइल काढली. तिन्ही टेबलवर शेजारी शेजारी ठेवलं. पॅनवर माझं माहेरचं नाव आणि माहेरचं आडनाव. आधारवर माहेरचं नाव, सासरचं आडनाव. आणि दुकानातल्या फॉर्मवर मी माझ्या सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं ते नाव या दोन्हींत कुठेच नव्हतं. ते होतं माझं सासरचं नाव, तांदळात लिहिलेलं.

ते मी का लिहिलं, हे समजायला मला वेळ लागला. माझं लग्न झालं तेव्हा मोठ्या जाऊबाईंचं आणि माझं नाव एकच निघालं. सासूबाई मालवणच्या, त्यांनी एका वाक्यात निकाल लावला. ‘एका घरात एकाच नावाचे दोघी कित्याक? गोंधळ होतलो.’ ताट आलं, तांदूळ आले, नवऱ्याने अंगठीने नवं नाव लिहिलं, आणि पेढे वाटेपर्यंत मी दुसरी कुणीतरी झाले होते. पण शाळेची नोकरी मला लग्नाआधीच लागलेली. तिथे मस्टरवर जुनं नाव. तेव्हापासून मी शाळेच्या फाटकात शिरले की एक, बिल्डिंगचा जिना चढले की दुसरी. बत्तीस वर्षं मी ही अदलाबदल केली आणि मला ती कधी जाणवलीसुद्धा नाही. वॉशिंग मशिन घ्यायचं म्हणजे घरचं काम. घरच्या कामाला हात आपोआप घरचं नाव लिहून गेला. सिस्टीमची काही चूक नव्हती. तिच्यापुढे तीन बायका उभ्या होत्या आणि एकीच्या सहीवर दुसरी कार्ड मागत होती.

मग मी फाइल उघडली. सुनेच्या ऑफिसात घरच्यांचा आजारपणाचा विमा काढता येतो. तिने त्यात सासू-सासऱ्यांची नावं घातली होती. सासऱ्यांचं, म्हणजे माझ्या नवऱ्याचं, झालं. माझं परत आलं होतं, कारण तिने मला घरात ज्या नावाने हाक मारतात तेच लिहिलं होतं, आणि त्या नावाची बाई कुठल्याच कागदावर सापडेना. त्यासाठी झेरॉक्स. खाली पालिकेच्या ऑफिसातून काढलेली आमच्या लग्नाच्या दाखल्याची नक्कल होती, अर्जाच्या पावत्या होत्या, दोन्ही नावं एकाच व्यक्तीची आहेत असं सांगणाऱ्या प्रतिज्ञापत्राचा कच्चा मसुदा होता. एका कोपऱ्यात पेन्सिलने लिहिलं होतं, ‘आईंना कसं विचारायचं?’

आता जे सांगायचं ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. लग्नाच्या आठवडाभर आधी ही मुलगी आमच्याकडे आली होती. चपला घालता घालता तिने मला बाजूला घेऊन विचारलं, ‘आई, घरात तुम्ही काहीही हाक मारा. पेपरवर नाही बदललं तर चालेल का?’ मी तिच्या डोळ्यांत बघून सांगितलं, ‘मी नाही का बदललं? पेपरवरसुद्धा बदललं. काय बिघडलं माझं?’

मी खोटं बोलले. मी बदललं नव्हतं. शाळेत कुणी विचारलं तर सांगायची की सर्व्हिस बुकात बदल करणं फार कटकटीचं असतं, पण शाळेचं ऑफिस माझ्याच ताब्यात होतं. दहा मिनिटांचं काम होतं ते. मला बदलायचं नव्हतं. वडिलांनी हौसेने ठेवलेलं नाव होतं माझं, आणि महिन्याच्या पहिल्या तारखेला पगारपत्रकावर ते बघून मला बरं वाटायचं. ते मी स्वतःसाठी राखून ठेवलं आणि दुसऱ्याच्या पोरीचं मात्र काढून घेतलं. माझ्या एका वाक्यावर विश्वास ठेवून तिने वर्षभर रांगा लावल्या. झेरॉक्स हातात पडली त्याच दिवशी तिला माझं खोटं कळलं असणार. तरी ती गप्प राहिली, आणि मुलाला म्हणाली, आईंना सांगू नकोस. चोराच्या मनातलं चांदणं माझंच होतं.

त्या टेबलपाशी बसल्या बसल्या मला खाडीकडच्या वस्तीतली एक कोळीण आठवली. मुलीच्या दाखल्यासाठी माझ्या खिडकीवर यायची. रजिस्टरमध्ये आईचं नाव एक, आधारवर दुसरं. मासळीची टोपली भिंतीला लावून ती खिडकीशी वाकून म्हणाली होती, ‘बाय, दोनी मीच हाय गो.’ मी म्हटलं, असं मी कसं मानू, प्रतिज्ञापत्र आणा. दुसऱ्यांदा आली तेव्हा त्यात एक वेलांटी चुकली होती, मी परत पाठवलं. प्रत्येक वेळी तिचा बाजाराचा दिवस बुडाला असणार. तिसऱ्यांदा ती आली नाही. तिच्या अर्जावर मी पेन्सिलने शेरा मारला होता, नाव जुळत नाही. तेव्हा मला वाटलं होतं, मी माझं काम चोख केलं.

मी पार्ल्याला फोन लावला. उचलला सुनेनेच. मी म्हटलं, ‘फाइल वाचली.’ ‘हं,’ ती म्हणाली. मी म्हटलं, ‘माझं चुकलं. आज नाही, लग्नाच्या आधीच चुकलं.’ असले शब्द माझ्या तोंडून सहसा निघत नाहीत, त्यामुळे ते नीट निघालेसुद्धा नाहीत. मग ती म्हणाली, ‘रविवारी येतो आम्ही.’

रविवारी ती आली. मी बांगडे आणून ठेवले होते, तिला आवडतात म्हणून. जेवणं झाल्यावर तिने निळी फाइल पुढ्यात घेतली, ऑफिसात काम करावं तशी. ‘हे सगळं एकदाच दुरुस्त करून टाकू या, आई,’ ती म्हणाली. ‘पण एकच नाव ठरवावं लागेल. कुठलं ठेवायचं?’

मला हे आजवर कुणी विचारलं नव्हतं. मी नवऱ्याकडे पाहिलं. तो दात कोरत होता. ‘तुका काय व्हया तां ठेव,’ म्हणाला. ‘मी अगोच म्हणतलंय.’

मी पेन घेतलं आणि माहेरचं नाव लिहिलं. पुढे आडनाव सासरचं, आधारवर होतं तसं. सुनेने तपासायचं म्हणून ते मोठ्याने वाचलं. त्या घरात ते नाव माझं म्हणून पहिल्यांदाच कुणाच्या तरी तोंडून ऐकू आलं, आणि मला रडू आलं. नवरा उठून गॅलरीत गेला.

‘तुला राग नाही आला?’ मी तिला विचारलं. ‘पॅन बघितलंस तेव्हा?’

‘आला ना,’ ती म्हणाली. ‘खूप आला. दोन दिवस मी तुमच्याशी नीट बोलत नव्हते. तुमच्या लक्षात नाही आलं.’ मग म्हणाली, ‘माझी डिग्री अजून जुन्याच नावावर आहे, आई. प्रत्येक ठिकाणी गॅझेट दाखवावं लागतं. मला नाही आवडत ते.’ ‘असू दे’ असं ती म्हणाली नाही. म्हणाली असती तर मला तिचा पुन्हा संशय आला असता.

माझी विम्याची कागदपत्रं महिन्याभरात मार्गी लागली. कार्डासाठी मी परत अर्ज केला नाही आणि मशिनही अजून घेतलेलं नाही. कपडे आम्ही पूर्वीसारखेच धुतो. मोठी चादर असली की पिळायला दोन माणसं लागतात, एका टोकाला मी आणि दुसऱ्या टोकाला सून.

परवा अशीच जाड सोलापुरी चादर बादलीत होती. सून आतल्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालत होती. मी मोरीतूनच तिला हाक मारली. तांदळातलं नाव नाही, तिच्या लग्नपत्रिकेत होतं ते, तिच्या आईवडिलांनी ठेवलेलं. ते मी मनात बरेच दिवस घोकून ठेवलं होतं, तरी जीभ जरा अडखळली. आतून उत्तर आलं नाही. मी पुन्हा मोठ्याने हाक मारली.

ती लगबगीने बाहेर आली. माझ्याकडे न बघता आधी दाराकडे गेली, कडी काढली, जिन्यात डोकावून बघितलं आणि मग माझ्याकडे वळली.

‘पार्ल्याहून कोण आलंय, आई?’ तिने विचारलं.